मामाजींची लांब पल्ल्याची रायफल

अकोल्याला आमच्या घरी मला पाहायला मंडळी आली, तेव्हा मुलाच्या वडिलांनी मला एकच गोष्ट विचारली. शिक्षण, स्वयंपाक, शिवणटिपण हे सगळं बायकांचं विचारून झालं होतं. हे मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या एका फोटोकडे पाहत होते. फोटोत मी एनसीसीच्या गणवेशात होते, पोटावर झोपलेली, रायफलीचा दस्ता खांद्याला लावलेला.

“हे तूच हायेस काय?”

“हो.”

“किती दूरवरून मारते?”

मी पल्ला सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि पोह्यांची बशी उचलली. जाताना माझ्या बाबांना म्हणाले, “पोरगी पसंत हाय.” मुलाचं मत त्यांनी गाडीत बसल्यावर विचारलं, असं माझा नवरा अजूनही सांगतो.

असं मी मोर्शीजवळच्या त्या संत्र्याच्या घरात आले. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी उंच, लांब हातांचे, कमी बोलणारे. बागेत मात्र झाडांशी बोलत. कलम रुसलं, कलम खूश झालं, अशा भाषेत.

त्या वर्षी बाग वैतागून गेली होती. रोही, म्हणजे नीलगायी, यायचे आणि नव्या कलमांच्या बुंध्याला शिंगं घासून साल काढून टाकायचे. रानडुकरं तर पूर्ण कळपानं यायची. हरभऱ्याचा पट्टा सकाळी नांगरल्यासारखा दिसायचा, ठिबकच्या नळ्या चावून फेकलेल्या असायच्या. आम्ही सगळे उपाय केले. फटाके फोडले, डबे वाजवले, आत्याबाईंची जुनी लुगडी कुंपणाला बांधली. लांबून पाहिलं तर शेतात लग्न आहे असं वाटायचं. डुकरांना चार दिवस भीती वाटली, मग त्याचीही सवय झाली.

मामाजींनी पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना मागितला. चौकशीला पोलीस आले, तलाठी आले, वनखात्याचा माणूस येऊन उकरलेली जमीन पाहून गेला. मधे खूप दिवस काहीच झालं नाही. परवाना हातात आला तेव्हा घरात चर्चा सुरू झाली ती कोणती बंदूक घ्यायची याची.

“दुनाळी घ्या बाबा,” नवरा म्हणाला. “चऱ्याची बंदूक. जवळून उडवली का झालं. आवाज मोठा, काम सोपं.”

“दुनाळीनं काय होते? धुऱ्यावरून गोटा फेकल्यासारखं,” मामाजी म्हणाले. “मले रायफल पाह्यजे. दूरवर मारणारी.”

“बागेत किती दूर मारायचं हाय तुमाले?”

त्यावर मामाजी उठून बागेत गेले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना म्हणाले, “मी अमरावतीले चाललो. रायफल पारखाले सूनबाईले नेतो.” आत्याबाईंनी भाकरी थापता थापता वर पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “डबा देऊ का तिथंच खासान?”

एसटीत शेजारी बसून मामाजी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी मोकळं बोलले. त्यांच्या वडिलांकडे रायफल होती. शिकारीवर बंदी येण्याआधीचे ते दिवस. हिवाळ्यात बैलगाड्या निघायच्या, सेमाडोहच्या बाजूला मुक्काम पडायचा. परत आले की सगळं गाव आमच्या अंगणात जेवायचं. मामाजी कॉलेजात गेले तोवर कायदा आला, पुढे वडील वारले आणि रायफल कुणाला तरी विकली गेली.

“तुम्ही चालवली होती?”

“नाई. हात लावू देत नव्हते. म्हणत, तुया खांदा भरू दे.” खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “खांदा भरला तवा रायफलच नव्हती.”

तेव्हा मला कळलं, की आम्ही फक्त डुकरांसाठी चाललेलो नाही.

बंदुकीचं दुकान जुन्या बाजारातल्या गल्लीत होतं. दुकानदार म्हातारे होते, हिंदीमिश्रित वऱ्हाडी बोलायचे. त्यांनी आधी दुनाळी काढली, मग सरकारी कारखान्यातली नवी तीनशे पंधरा बोरची रायफल काढली. मामाजींनी दोन्ही हातात घेऊन नीट ठेवून दिल्या. मग दुकानदारांनी आतल्या कपाटातून हिरव्या बनातीत गुंडाळलेली एक जुनी विलायती रायफल आणली. आक्रोडाचा दस्ता, वापरून गुळगुळीत झालेला. वर दुर्बीण बसवलेली.

“ये बहोत दूर जाती है,” ते म्हणाले. “एका वकील साहेबांची होती. पोरायले नाई पाह्यजे.”

मी आधी बोल्ट मागे ओढून आत काही नाही ना ते पाहिलं. हाताची सवयच तशी. दुकानदार हसले. “बेटी को सिखाया है किसी ने.”

मामाजींनी ती खांद्याला लावली. त्यांच्या लांब हातांना बाकीच्या बंदुका आखूड वाटत होत्या, ही मात्र बरोबर बसली. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षांनी वय उतरलं म्हणावं, असा.

दुर्बीण पाहायला दुकानदारांनी आम्हाला गच्चीवर नेलं. बोल्ट काढून खालीच ठेवला. दूर एक पाण्याची टाकी होती, तिच्यावर मोठा आकडा रंगवलेला.

“टाकीवरचा आकडा वाचा, भाऊसाहेब.”

मामाजींनी उजवा डोळा दुर्बिणीला लावला. बराच वेळ झाला.

“दिसते काय?”

“साफ दिसून राह्यला,” मामाजी म्हणाले.

पण त्यांनी आकडा काही सांगितला नाही. मी त्यांच्या मागे उभी होते. नळीचं तोंड टाकीकडे नव्हतंच. ते बाजूच्या कडुलिंबाकडे होतं. मी दुकानदारांकडे पाहिलं, त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी रायफल हळूच मामाजींच्या हातातून घेतली आणि म्हणाले, “चाय पिऊन या तुमी. घाई नाई.”

समोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. मामाजींनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच निवत राहिला.

“तुले कसं समजलं?” त्यांनी विचारलं.

“नळी लिंबाकडे होती.”

त्यांनी बशी गोल फिरवली. मग म्हणाले, “मांगच्या वर्षीपासून उजव्या डोळ्यात धुकं हाय. सांगितलं नाई कोणाले.”

“काहून नाही सांगितलं?”

“परवाना देत नसते मंग.” थोड्या वेळानं म्हणाले, “अन् तुही सासू बागेत जाऊ देत नसती एकट्याले.”

मी म्हटलं, “मामाजी, मोतीबिंदू असेल तर काढता येतो. आधी डोळा करू. रायफल कुठे पळत नाही.”

“परवान्यावर मुदत लिवली हाय.”

“मुदतीत बसवू. पण असं न दिसता घेऊन जायला मी सोबत नाही येणार.”

नव्या सुनेनं सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मामाजींनी गार चहा एका घोटात संपवला, उठले, दुकानात गेले आणि दुकानदारांना म्हणाले, “ही जुनी बाजूले ठेवा. डोळा करून येतो.”

घरी येऊन त्यांनी स्वतःच आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई चिडल्या, रडल्या, मग ऑपरेशनच्या तयारीला लागल्या. त्यात अमरावतीच्या दवाखान्यात नेण्यासाठी चिवडा करणं हेही आलं. ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. पट्टी निघाल्यावर मामाजी पहिल्यांदा बागेत गेले आणि बराच वेळ एकाच झाडापाशी थांबले. परत येऊन म्हणाले, “पानायवर कोळी पडला हाय, बारीक कीड, अन् मले आज दिसून राह्यला.”

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ते माझ्या आधी गच्चीवर चढले. दुर्बिणीला डोळा लावला आणि टाकीवरचा आकडा मोठ्यानं, एकेक करून वाचला. मग म्हणाले, “अन् टाकीखाली लाल पातळ वाळत हाय. त्याचा काठ हिरवा हाय.” दुकानदारांनी टाळी वाजवायचंच बाकी ठेवलं.

खाली आल्यावर मात्र मामाजी माझ्याकडे वळले. “आता तू सांग. कोणती घेऊ?”

मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. आपल्या बागेच्या तीन बाजूंना लोकांची सपाट वावरं आहेत. सकाळपासून बाया निंदायला असतात. रायफलीची गोळी डुकराला लागली नाही तर ती थांबत नाही, पुढे जात राहते. एनसीसीतल्या आमच्या उस्तादांनी नेम शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. फक्त नाल्याच्या बाजूला जमीन उतरते आणि पलीकडे उंच दरड आहे. मचाण वर बांधायचं आणि फक्त खाली, दरडीकडेच मारायचं. तसं करायचं असेल तर ही घ्या. नाहीतर दुनाळी घ्या.

दुकानदार गल्ल्याच्या पलीकडून ऐकत होते. “बराबर बोल रही है,” ते म्हणाले.

मामाजींनी रायफलीच्या दस्त्यावरून हात फिरवला. “तू म्हणशीन तिकडंच मारीन. दुसरीकडं नळी नाई वळवणार.”

त्यांनी ती घेतली. परवान्यावर नोंद झाली, ठाण्यात दाखवून झाली. आत्याबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं आणि लगेच विचारलं, “हे घरात कुठी ठेवता?” नवऱ्यानं भिंतीत लोखंडी कपाट बसवून घेतलं. दुनाळीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, पण मित्रांना सांगताना ‘आमची रायफल’ म्हणायला तोच पुढे.

नाल्यातल्या दरडीपुढे पत्र्याचा डबा ठेवून मी मामाजींना शिकवलं. श्वास कुठे सोडायचा, चाप कसा झटका न देता दाबायचा. पहिला डबा उडाला तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

वनखात्याची डुकरासाठीची परवानगी आल्यावर एका पहाटे आम्ही मचाणावर होतो. उजाडत होतं. नाल्यातून एक मोठं डुक्कर एकटंच वर येत होतं, मागे दरड. मामाजींनी बराच वेळ दुर्बिणीतून पाहिलं आणि चाप दाबला. ते जागच्या जागी पडलं. नेम माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

मग नियमाप्रमाणे कळवलं. वनरक्षक आले, पंचनामा झाला. नाल्याच्या काठी खड्डा खणला, डुकरावर रॉकेल ओतलं आणि जाळलं. धूर बागेवरून गेला. गावातली काही माणसं लांब उभी राहून पाहत होती, मग एकेक करून निघून गेली. मामाजी शेवटपर्यंत तिथे उभे होते.

दुपारी ताटावर बसले आणि भाकरी तशीच ठेवली. “माह्या बापाच्या टायमाले गाव जेवत होतं,” ते म्हणाले. “आज राकेल टाकून जाळलं. जीव गेला अन् कोणाच्या पोटात घास नाई गेला.”

आत्याबाई म्हणाल्या, “कायदा हाय तसा.”

“हाव, कायदा बरोबर हाय,” ते म्हणाले. “मीच दुसरं काही शोधाले गेल्तो.”

त्यानंतर त्यांनी जनावरावर गोळी झाडली नाही. परवानगी पुन्हा आली, पण ते मचाणावर गेले ते रायफल न घेता. पुढे कुंपणाला झटका मशीन बसवली, सौरऊर्जेवर चालणारी, आणि डुकरं शेजाऱ्यांकडे वळली. शेजाऱ्यांनीही बसवली. रायफल कपाटात राहिली. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायला मी आणि मामाजी मोटारसायकलवर जायचो, निकाल लागला की आणायला जायचो. ठाण्यातला हवालदार मला म्हणायचा, “वहिनी, तुमची मैतरीण घेऊन जा.”

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. झोपेत, फार त्रास न होता. नियमाप्रमाणे रायफल दुकानात जमा केली. दुकानात आता म्हाताऱ्यांचा मुलगा बसतो. माझ्या नावानं परवाना मागायचा का, हे घरात बोलून झालं. नवरा म्हणाला, “तुले पाह्यजे तर माग.” मी थोडे दिवस विचार केला आणि नको म्हटलं. तेल्हाऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं ती घेतली. त्यांच्याकडे रोह्यांनी कपाशी ठेवली नव्हती. मीच बोल्ट उघडून दाखवला आणि त्यांच्या हातात दिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

जे सोपं गेलं नाही ते रविवार. इतकी वर्षं दर रविवारी सकाळी मी आणि मामाजी ओसरीवर सतरंजी टाकून रायफल साफ करायचो. चालली नसली तरी. नळीतून तेलाची चिंधी मी ओढायची, दस्ता त्यांनी पुसायचा. त्या तासात ते बोलायचे. कोणत्या झाडाला डिंक सुटला, कॉलेजात असताना त्यांना नाटकात कसं घेतलं नाही, आत्याबाई नव्यानं आल्या तेव्हा किती घाबरट होत्या. आत्याबाई आतून ओरडायच्या, “खोटं सांगून राह्यले ते.” माझ्या वडिलांशी मी आयुष्यात एवढं बोलले नाही.

शेवटच्या एका रविवारी पुसता पुसता त्यांना डुलकी लागली. फडकं हातातच होतं. मी उरलेलं काम आटोपलं, रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि परत येऊन बसले. उन्हं पायरीवर आली होती. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

“झालं काय?”

“झालं.”

“तू एकटीनंच केलं?”

“हो.”

“चांगलं झालं,” ते म्हणाले, फडक्याची घडी केली आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. मी तो खाली ओढून दिला.