आंबेहळदीचा डाग
परवा लेकाचा घोटा मुरगळला म्हणून आंबेहळद कालवून गरम केली आणि त्या वासासरशी २०१६च्या हिवाळ्यातलं, कॅनडातल्या हॅमिल्टनचं आमचं बेसमेंट आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्याच घरात वरच्या खोलीत क्रोएशियाचा एकवीस वर्षांचा फुटबॉलपटू राहायचा. तिकडे दोन सीझन व्यावसायिक क्लबकडून खेळलेला. आता इथल्या एका क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं होतं, फक्त मेडिकल तपासणी बाकी होती. आदल्या संध्याकाळी तो कठडा धरत धरत खाली आला. गुडघा टम्म सुजला होता. "क्लबला कळता कामा नये," एवढंच म्हणाला. मी मोठ्या आत्मविश्वासाने आईने दिलेल्या आंबेहळदीचा जाड लेप थापला आणि वर जुना पंचा बांधला. सकाळी सूज खरंच उतरली होती, पण गुडघा पिवळाधमक झाला होता. वॉशरूममध्ये तो साबणाने घासत राहिला, मग मी लिंबू चोळलं, तरी रंग हटेना. दुपारी तो परतला आणि बर्फाने भिजलेले बूटही न काढता पायरीवर बसला. "डॉक्टरने विचारलं, हे कशासाठी लावलंस," तो म्हणाला, "आणि स्कॅनला पाठवलं." आठवड्याभरात तो मायदेशी परत गेला. माझ्यावर एकदाही चिडला नाही. तिकडच्या संघांच्या याद्यांत मी त्याचं नाव बरीच वर्षं शोधलं, कुठेच दिसलं नाही. परवा लेप लावणार एवढ्यात लेकाने विचारलं, "बाबा, विल इट वॉश ऑफ?" मी वाटी खाली ठेवली.