पाण्याची ओळ

सरोजअक्का गेल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीतच होते. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले. माझे वडील गेले तेव्हा मी गावाकडच्या दवाखान्यात वॉर्डच्या दाराबाहेर उभी होते. आई आतून बोलावत राहिली… माझे पाय उचललेच नाहीत.

आठवीत शाळा सुटली. पुढे नवऱ्याला देवनहळ्ळीला, विमानतळावर, टॅक्सीचं काम मिळालं म्हणून श्रीरामपूरकडून इथं बंगळुरूला आले आणि घरोघरी आजारी माणसं सांभाळू लागले. म्हणजे बाळंतिणी, हात-पाय मोडलेले. जाणाऱ्या माणसाचं काम मी घेत नसे. हेब्बाळच्या अक्कांचं हृदय कमजोर आहे, एवढंच मला सांगितलं होतं. मूळच्या मिरजेच्या, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षं इथं काढलेल्या. त्यांचा मुलगा अनिलदादा मराठी बोलतो, पण शाळा इंग्रजी-कानडीतली, त्यामुळे वाचता येत नाही. अक्कांची नजर गेली होती आणि बायबल ऐकायचं ते मराठीतच, असा हट्ट. वाचता येतं का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. आठवीपर्यंत, मी घाबरत म्हटलं. "पुरे," त्या म्हणाल्या. "देवानं बारावीची अट घातलेली नाही."

रोज दुपारी मी त्यांना देवाची वचनं वाचून दाखवू लागले. माहेरी आईबरोबर चर्चला जायचे, पण वचन म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं ते, एवढीच माझी समज. पावसाळ्यात अक्कांच्या छातीत पाणी भरू लागलं. दोनदा काढलं, पुन्हा भरलं. मग त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं, सरी, म्हणजे ठीक आहे, आता घरीच. नर्सच त्या, पुढे काय होणार ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. त्या संध्याकाळी माझा हात धरून त्यांनी विचारलं, की शेवटी मी इथं बसून वाचेन का. मी म्हटलं, बघू. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, उद्यापासून जात नाही… सकाळी मात्र गेले. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

त्यांचा एक आवडता भाग होता. पाण्यातून, आगीतून जाताना मी तुझ्याबरोबर असेन, असं देव त्यात सांगतो. मी 'भिऊ नको' वाचलं, 'मी तुझ्याबरोबर आहे' वाचलं आणि मधलं सगळं गाळलं. छातीत पाणी साचलेल्या बाईसमोर पाण्याचं नाव कसं घ्यायचं?

अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या, "पाणी कुठं गेलं गं?"

मी पान उलटलं.

"ऑटोवाल्यासारखी वाचतेस. खड्डा दिसला की वळसा." मग दम लागला म्हणून थांबल्या. "पाणीच काढून टाकलंस, तर तो माझ्याबरोबर येणार कुठं? हॉलमध्ये? स्वल्प मागं जा. सगळं वाच."

मी वाचलं. पाणी, आग, सगळं.

त्यानंतर अकराव्या दिवशी, दुपारी, त्यांच्या श्वासात घरघर सुरू झाली. अनिलदादा त्यांचे पाय चोळत होता. मी दाराशी गेले होते, चप्पल पायात होती, हे आज लपवत नाही. अक्कांनी माझं नाव घेतलं.

"कमल, भीती वाटते?"

"हो."

"मलापण. वाच."

चप्पल काढून मी बसले आणि तोच भाग वाचू लागले. त्यांचे ओठ निळे पडत होते. पाणी काही हटलं नाही, आग विझली नाही. खोटं लिहिणार नाही. पण त्या भीतीतही त्या कुणाचा तरी हात धरून असाव्यात, तसं त्यांचं तोंड होतं. आणि माझे पाय जागचे हलले नाहीत. अक्का गेल्याचं दादानं खांद्याला हात लावून सांगितलं, तरी मी वाचतच होते.

पलंग भाड्याचा होता, तो परत गेला. रिकाम्या खोलीत आता जमखाना अंथरलेला असतो. रविवारी दादाकडून बोलावणं येतं, मी जाते. भिंतीला टेकून बसत तो विचारतो, "कुठून वाचायचं?"

जिथं मला भीती वाटते, तिथून मी सुरू करते.