चोरकळीचा डबा

मिस्तरींच्या हाताला कलाकुसरीची खोड होती. साधं स्टूल मागा, पायांवर नक्षी आलीच. "चार खिळ्यांच्या कामाला चार दिवस लावतात," असं बायको सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिची मान ताठ व्हायची.

थोरल्या लेकीला दमा. तिचा निळा पंप धाकटी पळवायची आणि बाहुलीला फवारे मारायची. म्हणून मिस्तरींनी सागाचा डबा केला. कडी नाही, कुलूप नाही. डावी पट्टी दाबून तळ सरकवला की झाकण सुटायचं, अशी चोरकळ. युक्ती थोरलीला शिकवली, बायकोला एकदा ओझरती दाखवली. "कुणासमोर उघडायचा नाही हं," थोरलीला बजावलं. धाकटीने दोन दिवस खटपट करून हात टेकले. मिस्तरी आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

त्या दुपारी ते घरामागच्या शेडमध्ये दारं घासत होते. यंत्राच्या घरघरीत बायकोच्या हाका ऐकूच आल्या नाहीत. शेवटी तिने येऊन दंड धरला. आत थोरली पलंगावर आडवी, प्रत्येक श्वासाला गळ्याची खोबण आत ओढली जात होती, ओठ निळसर. "बा..." पुढचं अक्षर निघेना. मिस्तरी भुशाने माखलेले तसेच तिच्यावर वाकले. डब्याशी झटून बायकोची नखं तुटली होती. त्यांनी पट्टी दाबली, पण भुशाची बोटं तळावरून निसटत राहिली. शेवटी हातोडीने फोडला.

दवाखान्यात श्वास ताळ्यावर आला, तेव्हा डॉक्टरीणबाई कडाडल्या. "आडवं नाही, ताठ बसवायचं. पंपाला नळी लावून एक फवारा, जरा थांबून दुसरा. बोलता येईना, ओठ निळे पडले, की आधी ॲम्ब्युलन्स, आणि ती येईपर्यंत फवारे चालूच. भुसा, पॉलिशचा वास, यानेच तिचा दमा उसळतो. आणि औषध कुलपात कोण ठेवतं हो?"

"कुलूप नव्हतं," मिस्तरी बोलून गेले, आणि त्यांना स्वतःची जीभ हासडावीशी वाटली.

आता ते शेडमध्येच कपडे बदलतात, अंगावरचा भुसा धुऊनच घरात येतात. पंप दाराशी उघड्या खिळ्याला टांगलेला असतो.

परवा थोरलीला जवळ घेऊन त्यांनी विचारलं, "त्या दिवशी एकदम लागला का गं दम?"

"नाही. सकाळपासून छाती घट्ट होती."

"मग पंप का नाही घेतलास?"

"धाकटी खोलीतच होती ना, बाबा. तुम्हीच म्हणालात, कुणासमोर उघडायचा नाही."