घड्याळवाल्याचा शेवटचा भाग

हनीफभाई, परवा तुम्ही मध्यंतरातच थिएटरातून उठून आलात आणि रिक्षा स्टँडवर उभं राहून अख्ख्या पिक्चरची सालं काढलीत, हे तुमच्या बेगमनं, जहिदानं मला सांगितलं. एवढी हेलिकॉप्टरं उडवली, पण एक साधं ‘उद्या या’ जमलं नाही यांना, असं म्हणालात म्हणे.

तुम्ही पहिल्यापासून असेच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं ऑपरेटर होतात, पण कॉलनीत तुमचा दरारा होता तो पिक्चरचा निकाल लावणारा म्हणून. तुम्ही “नका जाऊ” म्हणालात की लोक हमखास जायचे आणि परत येऊन तुमच्याशी भांडायचे. मारामारी आली की तुम्ही खारे दाणे काढता, हिरोईन रडली की चष्मा पुसता, आणि घरी येऊन म्हणता, बेकार.

तुमचा जीव टीव्हीवरच्या त्या घड्याळवाल्याच्या मालिकेत. मंगळवारी नऊला लागायची आणि दुसरी पाळी असली की तुमची चुकायची. मी कॉलेजात मराठी शिकवणारी, शेजारच्याच क्वार्टरमध्ये. तेव्हा सकाळी कुंपणावरून गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. जहिदाला विचारण्यात अर्थ नव्हता. ती अख्खा भाग “बाप रडला, संपलं” एवढ्यात उरकायची.

शेवटच्या भागाला उत्तरपत्रिका तपासता तपासता माझा डोळा लागला. सकाळी तुम्ही तोंडात ब्रश घेऊन कुंपणाशी हजर. घड्याळवाल्याचा रुसून गेलेला मुलगा परत आला का? झोपले म्हणायची लाज वाटली. न वाचता उत्तर ठोकून देणाऱ्या पोरांचे मार्क मी रात्रीच कापले होते. सकाळी मीच ठोकून दिलं.

मी सांगितलं, मुलगा आला, पण गिऱ्हाईक म्हणून. बंद घड्याळ बापापुढे ठेवलं. बापानं ओळखलं, पण दाखवलं नाही. दहा मिनिटांत घड्याळ चालू केलं, गुपचूप खणात टाकलं आणि म्हणाला, “उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच. असे पंधरा दिवस. पोरगाही रोज येत राहिला, एकदाही कुरकुरला नाही.

तुमचा ब्रश तोंडातच राहिला. मागे जहिदा कपडे वाळत घालत होती. तिनं तो भाग पाहिला होता: बापलेक गळ्यात पडले आणि पाच मिनिटं सनई वाजली. ओला टॉवेल हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, मग तो दोरीवर टाकून आत गेली.

गेली पस्तीस वर्षं तुम्ही प्रत्येक पिक्चर त्या भागाशी ताडून नापास करताय. निम्मे तरी माझ्यामुळे नापास झाले. बाकीचे होतेच भिकार.

मागच्या महिन्यात तुमच्या नातीनं, माहेनूरनं मोबाईलवर ती मालिका शोधून दिली. तीन दिवस बसून सगळी बघितलीत, आणि शेवटी सनई. तडक माझ्याकडे आलात, मागोमाग जहिदा. घरातले म्हणत होते, अब्बांना आताशा नाही ते आठवतं. चिडला असतात तर मला चाललं असतं, पण तुम्ही घाबरला होतात.

“बाई, तुम्हाला तरी याद आहे ना?”

“आहे. अगदी शब्दन्‌शब्द,” मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“मग कापलाय त्यांनी. टीव्हीवाल्यांना अर्ज लिहा, तुमच्या कडक मराठीत.”

तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. निघताना जहिदा चपला शोधायच्या निमित्तानं मागे राहिली आणि हळूच म्हणाली, “आता खरं सांगू नका हो. एवढं एकच तर पसंत पडलंय त्यांना.”

तिचं ऐकून महिनाभर गप्प बसले. पण तुम्ही आता चाव्या सापडल्या नाहीत तरी स्वतःवर शंका घेता, म्हणून लिहितेय. तुमचं डोकं ठणठणीत आहे. लबाडी माझी. आणि तो भाग मला आजही सनईपेक्षा चांगला वाटतो, त्याची माफी मागणार नाही.

अर्जावर तुमची सही आहे, खाली साक्षीदार म्हणून माझी. नाशिकरोडच्या पोस्टात टाकायचं मी कबूल केलं होतं. रविवारी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी डाळिंबांचा विषय काढला. पाकीट अजून माझ्या पर्समध्येच आहे.