एका घराचं एक मत

आमच्या महाराष्ट्र मंडळात अध्यक्ष निवडायची एक पद्धत आहे, ती म्हणजे निवडणूक होऊ द्यायची नाही. चार जुनी मंडळी कुणाच्या तरी घरी पोहे खायला जमतात आणि चहा होईपर्यंत एक नाव पुढे येतं. त्या नावाच्या माणसाने "छे छे, मी कुठला" म्हणायचं, बाकीच्यांनी जावयाला श्रीखंड वाढताना करतात तसा आग्रह करायचा आणि वार्षिक सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. सदस्यत्व कुटुंबाचं आणि एका घराला एक मत असा नियम होता खरा, पण मत देण्याची वेळच कधी आली नाही. त्यामुळे घरातल्या कुणी ते द्यायचं, हेही ठरलेलं नव्हतं.

त्या वर्षी ते पद मला हवं होतं. सरळच सांगते, कारण आमच्याकडे बायका हे सरळ सांगत नाहीत. गणपतीची मूर्ती कुणाच्या गराजमध्ये ठेवायची इथपासून कौन्सिलच्या हॉलमध्ये उदबत्तीने फायर अलार्म वाजू नये इथपर्यंत सगळं मी बघत आले होते. अध्यक्ष बदलायचे आणि प्रत्येक जण भाषणात माझे आभार मानायचा. मला आता स्वतः उभं राहून आभार मानायचे होते.

आड आलं रशिया आणि युक्रेनचं युद्ध. सुरुवातीला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती हळहळ होती. मग नकाशे आले आणि नकाशांमागोमाग भांडणं आली. एका बाजूला डॉक्टरकाका. हाडांचे डॉक्टर, इथल्याच हॉस्पिटलमधून रिटायर झालेले, मंडळाचे संस्थापक. त्यांचं म्हणणं, अडचणीत रशियाच आपल्या देशाच्या पाठीशी उभा राहिला, आपण उपकार विसरणारी माणसं नाही. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेला एक तरुण आयटीवाला. त्याने प्रोफाइलवर स्वतःच्या फोटोऐवजी युक्रेनचा निळापिवळा झेंडा लावला आणि त्याचं बघून बऱ्याच जणांनी लावला. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर देण्यासाठी काढलेल्या ग्रुपवर माणसं रणगाड्यांबद्दल बोलू लागली. अध्यक्षपदासाठी कुणाचंही नाव निघालं की पहिला प्रश्न, "तो कुठल्या बाजूचा?" हॉल बुक करता येतो का, हे कुणी विचारीना.

माझी बाजू तर आमच्या बॉक्सरूममध्येच, म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, राहत होती. मुलगा मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेल्यावर ती खोली रिकामी पडली आणि युक्रेनहून येणाऱ्यांना घरात जागा द्याल का, असं सरकारने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. त्यात जागतिक राजकारण काही नव्हतं. त्या खोलीत बिनइस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर वाढत चालला होता, इतकंच. आली ती माझ्याच वयाची, तिकडे शाळेत गणित शिकवणारी बाई. इथे ती वेअरहाउसमध्ये शिफ्ट करायची. तिचा धाकटा भाऊ सैन्यात होता. रोज सकाळी त्याचा एका शब्दाचा मेसेज यायचा, 'आहे'. तो आल्याशिवाय ती चहाला तोंड लावायची नाही.

राहता राहिला माझा नवरा. आमटीत मीठ कमी आहे का, असं विचारलं तर तो म्हणतो, "असेल." जास्त आहे का विचारलं तरी तेच. आमच्या पाहुणीचं बिटाचं सूप त्याला आवडतं की नाही, हे आम्हा दोघींनाही कधी कळलं नाही.

एका रविवारी डॉक्टरकाकांचा फोन आला. "आम्ही येतोय. जरा इम्पॉर्टंट आहे." मी काय ते समजले. पोह्यांवर ओलं खोबरं पेरलं, ठेवणीतला कुर्ता घातला आणि "छे छे, मी कुठली" हे आरशासमोर एकदा म्हणूनही बघितलं. काका आणि आयटीवाला एकाच गाडीतून उतरले तेव्हाच खरं तर मला शंका यायला हवी होती.

"अगं, तूही बस ना," काका मला म्हणाले. त्या 'ही'वर मी पोह्यांचा डाव खाली ठेवला. मग ते नवऱ्याकडे वळले. "हे बघ, सिच्युएशन डेलिकेट आहे. आम्हाला न्यूट्रल कँडिडेट पाहिजे. दोन्ही साइड्सनी मिळून अख्खा ग्रुप चेक केला. वॉरवर एक शब्दही न लिहिलेला माणूस म्हणजे तू एकटा."

"माझा ग्रुप म्यूटवर आहे," नवरा म्हणाला.

"एक्झॅक्टली!" आयटीवाला खूश झाला.

"आणि काम कोण करणार?" मी विचारलं.

"तू आहेसच की," काका म्हणाले आणि पोहे छान झालेत असंही म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मी उभी राहणार," मी म्हटलं. "ह्याच्याविरुद्ध."

काकांनी बशी खाली ठेवली. "अगं, तुझ्या घरात युक्रेन येऊन बसलंय. लोक म्हणतील, मंडळाने साइड घेतली."

"बसलेलं नाही काका, वेअरहाउसमध्ये उभं आहे. संडेची शिफ्ट आहे तिची."

सगळे नवऱ्याकडे बघू लागले. त्याने थोडा विचार केला आणि तो म्हणाला, "बरं."

म्हणजे एकाच घरातून दोन उमेदवार. आम्ही एकाच गाडीतून लोकांकडे प्रचाराला जायचो. एका राउंडअबाउटपासून दुसऱ्यापर्यंत मी बोलायचे आणि दुसरा उमेदवार गाडी चालवायचा. पाहुणीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "ह्यांना आमच्याबद्दल इतकं सगळं कसं माहीत?"

सभेच्या दिवशी बटाटेवडे होते. हॉलमध्ये तळायला बंदी असल्यामुळे वडे घरी तळून तिथल्या ओव्हनमध्ये गरम करायचे, हा आमचा जुना शिरस्ता. पाहुणी सकाळीच मदतीला आली आणि किचनमध्ये शिरली. किचनला हॉलच्या बाजूने वाढायची खिडकी आहे. तिच्यासाठी केलेला चहा मी त्या खिडकीजवळच्या ओट्यावर ठेवला.

"हात वर करा," आयटीवाल्याने पुकारा केला आणि घोटाळा झाला. एकेका घरातून दोन दोन हात वर आले, नवऱ्याचा एका नावाला, बायकोचा दुसऱ्या. "एका घराला एकच व्होट," काका ओरडले. "घरात काय ते ठरवा!" मग हॉलभर कुजबुज सुरू झाली. मी कान देऊन ऐकलं. रशियाचं नाव कुणी काढत नव्हतं, युक्रेनचंही नाही. "तुझी आई सहा महिने राहिली तेव्हा मी काही बोलले का?" हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. काही घरांचं शेवटपर्यंत जमलं नाही, त्यांनी हात खालीच ठेवले. आयटीवाल्याने दोनदा मोजलं आणि पडेल चेहऱ्याने जाहीर केलं की बरोबरी आहे. एकच घर राहिलं होतं, आमचं.

सगळा हॉल आमच्याकडे वळला. नवरा उठला. "आमच्या घराचं मत ही देईल," तो म्हणाला.

"पण तुझं स्वतःचं काय मत आहे?" काका कळवळून म्हणाले.

"हेच," नवरा म्हणाला आणि खाली बसला.

इतक्या वर्षांत त्याचं पहिलं मत मी ऐकलं आणि ते अख्ख्या मंडळासमोर. "छे छे, मी कुठली" म्हणायची जागा ती हीच होती. मी ते म्हटलं नाही. हात सरळ वर केला, स्वतःसाठी, आणि चांगला ताठ ठेवला.

टाळ्या संपल्यावर मी किचनमध्ये धावले. पाहुणी ओव्हनमधून ट्रे काढत होती. "जिंकले!" मी म्हटलं. तिने जाडे हातमोजे न काढताच मला मिठी मारली. मग तिने खिडकीतून बाहेर बघितलं. काका आणि आयटीवाला एकाच टेबलाशी बसून चटणीची वाटी एकमेकांकडे सरकवत होते.

"हेच दोघं भांडत होते ना? आमच्यावरून?"

"हो, हेच."

"आणि आता मिटलं?"

"मिटलं. भूक लागली त्यांना," मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. मोजे काढून तिने पालथा ठेवलेला फोन उलटा केला, बघितला आणि पुन्हा पालथा ठेवला. मला माझ्या जिंकण्याची लाज वाटली. लाज वाटली म्हणून अध्यक्षपद सोडावंसं वाटलं, असं मात्र मुळीच नाही. तिने ट्रे माझ्या हातात दिला. "जा, गार होतील," ती म्हणाली.

आभाराचं भाषण मी घरी पाठ केलं होतं. त्यात आधी संस्थापक होते, मग माजी अध्यक्ष. उभी राहिले आणि पहिले आभार तिचे मानले गेले. टाळ्या अडखळत आल्या. काकांनी हातातला वडा खाली ठेवला, बोटं पुसली आणि टाळी वाजवली. मी खिडकीकडे बघितलं. तिला मराठी कळत नव्हतं, टाळ्या आपल्यासाठी आहेत हेही कळलं नव्हतं. तिने फोन परत हातात घेतला होता. ओट्यावर तिचा चहा सकाळपासून तसाच होता.