धाऊ मुकादम आणि गोव्याला गेलेला भाऊ

धाऊ आमच्या गँगचा मुकादम. कर्जत ते पळसदरी एवढा रेल्वेचा रूळ सांभाळायला आमच्याकडे होता. धाऊ फार बोलत नसे. स्लीपरखाली खडी नीट ठासली नसली की टाच आपटून म्हणायचा, "पोकळ हाय. परत मार." परत मारावी लागायची.

त्याचा धाकटा भाऊ गजा आमच्यातच हंगामी होता. धाऊने त्याला झेंडीवाला केला. रूळ सुटा केला की झेंडीवाल्याने लांब पुढे जाऊन लाल झेंडी धरून उभं राहायचं. धाऊने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. गाडी दिसली तरी झेंडी खाली घ्यायची नाही, जागा सोडायची नाही, कारण मागे माणसं वाकलेली आहेत. गाडी थांबायची. आमच्या वेळी प्रत्येक वेळी थांबली.

पंचावन्न साली कर्जतच्या बाजारात गोव्याच्या सत्याग्रहाची सभा झाली. गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य. तिथले लोक उठले होते आणि तुरुंगात पडत होते. वक्ता म्हणाला, हत्यार न घेता पुढे व्हा, देश तुमच्या पाठीशी आहे. दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना गँगमध्ये तोच विषय निघाला.

"दुसऱ्याच्या मुलखात आपलं सरकार कशाला घुसंल?" कमळ्या म्हणाला. "शेजारी मारामारी झाली म्हणून आपण दार मोडतो काय?"

"आतून कोण वरडत असंल तर मोडतो," गजा म्हणाला.

"तू? तू आदी बायकोच्या हाकेला उठ रं!" पोशा म्हणाला, आणि सगळे हसले. चिमाशी गजाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

धाऊ हसला नाही. "सरकारला जायचं नाय, तर पोरं का धाडतंय?"

"सरकार नाय धाडत, दादा. लोक आपणहून जातात."

"आन् सरकार बघतंय. आडवतबी नाय, मागूनबी येत नाय. असं काम असतं काय?"

गजा गेला. धाऊ त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेला होता.

पंधरा ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला. बरेच जण मार खाऊन परत आले. गजा आला नाही. काही दिवसांनी गजाच्याच तुकडीतला खोपोलीचा लडकू काठी टेकत धाऊच्या ओटीवर आला. मी तिथेच होतो.

"रुळाच्या कडंनं चाललो होतो," तो म्हणाला. "शिपायांनी बंदुका रोखल्या. आमी आडवे पडलो. गजाला म्हणलं, झोप रं, झोप! त्यो रुळाच्या मधी जाऊन उभा राह्यला. तिरंगा दोनी हातांनी आडवा धरला, गाडी थांबवतात तसा. मंग गोळ्या सुटल्या. मी डोकं वर काढलं तवा तिथं कोण नव्हतं."

"पडला का?"

"नाय बघितलं, मुकादम. कोण म्हणतं पडला, कोण म्हणतं धरून नेला."

तसं उभं राहायला त्याला कोणी शिकवलं, हे ओटीवर सगळ्यांना माहीत होतं.

मग सरकारने हद्द बंद केली, पोर्तुगिजांशी बोलणं तोडलं. धाऊ मुंबईला कचेरीत गेला. तिथला साहेब नीट बोलला. म्हणाला, तिकडे आता आपलं कोणी नाही, विचारणार कोणाला? माझ्यासारख्या गँगमनलाही सरकारची अडचण कळते. जगाला शांतता सांगायची आणि फौज घालायची, हे अवघड होतं. पण मग पोरांना हद्दीवरच धरून घरी पाठवायचं. नाहीतर त्यांच्या मागून आपण जायचं. सरकारने यातलं काहीच केलं नाही. पोरं गेली तशी जाऊ दिली, आणि ती पडल्यावर दार लावून घेतलं.

घरात गजा ना मेलेला, ना जिवंत. त्याचे दिवस घालता येईनात. चिमाच्या माहेरचे तिचा पाट लावून दुसरं घर द्यायला तयार होते, पण नवरा मेल्याचं कळल्याशिवाय पाट कसा लावणार? ती कुंकू लावायची. सासू जनी तिच्या कपाळाकडे बघायची आणि कामाला लागायची.

एकसष्टच्या डिसेंबरात फौज गेली. दोन दिवसांत गोवा मोकळा झाला. कर्जतला पेढे वाटले. पोशाने धाऊच्या हातावर पेढा ठेवला.

धाऊ म्हणाला, "येवढं हलकं होतं?"

रजा काढून तो गोव्याला गेला. तुरुंग बघितले, सुटलेल्या माणसांना गाठलं, त्या रुळावरच्या गँगलाही विचारलं. त्यांनी त्याला जेवू घातलं. ठाऊक कोणालाच नव्हतं.

तो परत आला तेव्हा आम्ही गँगमधले काही जण ओटीवर वाट बघत होतो. चिमा थोरल्या दिरासमोर कधी येत नसे, काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. त्या दिवशी ती पदर न ओढता बाहेर आली.

"दादा, कुंकू ठेवू का पुसू?"

धाऊने अजून वहाणा काढल्या नव्हत्या. "मला नाय ठाव, पोरी," तो म्हणाला.

ती आत गेली. धाऊ कामावरून निवृत्त झाला तेव्हाही ती त्याच घरात होती, कुंकू लावत होती. पाट झाला नाही.