सखूबाईचे धवले

पनवेलच्या लाइन आळीत कृष्णकांत मराठी टायपिंग आणि लग्नपत्रिकांचं काम करत. त्यांच्या संगणकातलं मराठी लिपीचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, ती केव्हाच बंद पडली होती, सीडीही तडकली होती. आणि त्याच्याशिवाय जुनी एकही फाइल वाचता येत नसे. त्यामुळे २०१४च्या मे महिन्यात हार्ड डिस्क कटकट वाजू लागली, तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

त्या डिस्कवर मोरा गावच्या सखूबाईचे धवले होते. कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी ती धवलारीण. मुलगा काशिराम तिला दुकानात आणी. ती गाई, कृष्णकांत पुस्तकासाठी टाइप करत. काम पुरं झाल्यावरच दुसरी प्रत काढायची, हा त्यांचा नेम. "अजून हायेत रं," म्हणता म्हणता एकशे बारा धवल्यांवर सखूबाई गेली. प्रत काढायची राहिली ती राहिलीच.

उपाय एकच होता. नवी एसएसडी डिस्क आणून अख्ख्या डिस्कची, सॉफ्टवेअरसकट, हुबेहूब नक्कल करायची. पण बिऱ्हाड हलवण्याआधी घर झाडून घ्यावं, तसं कृष्णकांतांनी आधी डिस्कची तपासणी आणि दुरुस्ती लावली. शेवटच्या घटका मोजणारी डिस्क चार तास घरघरत राहिली. मग नक्कल केली. ती पूर्ण झाली. नव्या डिस्कवर संगणक बारा सेकंदांत सुरू झाला. त्यांनी हात जोडले आणि सखूबाईचं फोल्डर उघडलं.

बहुतेक फाइलींची नावं गेली होती. उरले होते आकडे घातलेले तुकडे. घाईघाईने जुनी डिस्क लावली. तिथेही तेच. दुरुस्तीने जे मोडलं, ते नकलेत इमानेइतबारे उतरलं होतं. दोन दिवस ते एकेक तुकडा उघडत बसले, जेवणाची शुद्ध राहिली नाही. एक्केचाळीस धवले हाती लागले.

तिसऱ्या दिवशी काशिराम आला.

"काय सायेब, आयचा पुस्तक कवा?"

डिस्क जुनी होती, एवढं सांगून भागलं असतं. कृष्णकांतांनी मान खाली घातली. "काशिरामभाऊ, माझ्या हातून गेलं. आधी नक्कल करायची, ती मी नंतर केली."

"सगलं?"

"एक्केचाळीस आहेत."

"हलदीचं हाय?"

"नाही."

काशिराम बाकावर बसला. "हौसामावशीला येतंत थोडं. पन तिचं आयसारखं नाय." मग एकदम उठला. "जे हाय ते आता कागदावर काढा. आताच्या आता. मी इथंच उभा हाय."

प्रिंटर सुरू झाला. बाहेर येणारा प्रत्येक गरम कागद काशिराम दोन्ही हातांनी उचलून घेत होता.